दर्भाची शेंडी

संध्येला बसण्यापूर्वी शिखेला गाठ मारायची असते. मुंज झाल्यापासून ही कृती इतकी अंगवळणी पडली होती की मंत्र ओठांवर येण्याआधीच हात मागे जात आणि गाठ बसे. त्या वर्षी पौषातल्या एका सकाळी गाठ बसली, मी हात पुढे घेतला आणि गाठ हाताबरोबर पुढे आली. चिमूटभर केसांची ती गाठ तळहातावर घेऊन मी आसनावर तसाच बसून राहिलो. आचमन झाले होते, संकल्प व्हायचा होता. या दोहोंच्या मध्येच शिखा नाहीशी झाली तर काय करावे, हे पाठशाळेत शिकवले असेलही, मला आठवेना. त्या दिवसांत पुष्कळ काही आठवेनासे झाले होते.

मी तेव्हा नागपुरातल्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. महाल भागात दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. घरात पत्नी आणि आमची एकुलती मुलगी. मुलीचा साखरपुडा मार्गशीर्षात झाला होता. काटोलचे संत्र्यांचे बागाईतदार, सुस्वभावी माणसे, मुलगा शिकलेला. ज्येष्ठातला मुहूर्त धरला होता. एकुलत्या एका लेकीचे कन्यादान आपल्या हातून यथासांग व्हावे, याखेरीज त्या वर्षी देवापाशी मी काही मागितले नव्हते.

केस जायला सुरुवात झाली होती ती आदल्या उन्हाळ्यापासून. आधी उशीवर, मग पंच्यावर, मग ताटात. त्याच वैशाखात, गल्लीतली माणसे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून त्यांच्यामागे पडून असताना, मी अंगावर धाबळी घेऊन ओट्यावर बसत असे. समोरचा किराणा दुकानदार रोज विचारी, "गुरुजी, तुमाले थंडी काहून वाजून राहिली? हिमालयातून आले काय?" आरंभी मी हसत असे. पुढे पुढे हसण्याचाही थकवा येऊ लागला.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. माक्याचे तेल झाले, जास्वंदीची फुले वाटून लावून झाली. गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून गोड औषधाची बाटली दिली, ती संपल्यावर आणखी एक दिली. न्हावी म्हणाला, "गुरुजी, वस्तरा तुमच्या डोक्यावर आता नुसता आराम करून राहिला." श्रावणात मेहुणीने निरोप धाडला की कांद्याचा रस रामबाण आहे. चातुर्मासात आमच्या घरी कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही. पत्नीने तो अंगणात किसला, अंगणातच पिळला आणि मला अंगणातच पाटावर बसवून डोक्याला चोळला. त्या रसाच्या वासाने मला देवघरात जाता येईना. न्हायल्यावरही वास जाईना. सोमवारी शिवालयात रुद्रपाठाला बसलो तर शेजारचे दोघे हळूच आसन सरकवून बसले. ज्या पदार्थाला मी चार महिने स्पर्श करीत नाही, तो मस्तकावर मिरवीत मी महादेवापुढे बसलो होतो, आणि केस तरीही गळतच होते.

पाठातही माझा आवाज मागे पडू लागला होता. घसा बसलेला, जीभ जड. सगळे एका पदावर पोहोचत, तेव्हा मी अर्धे पद मागे असे. आमच्या मंडळात सर्वांत ज्येष्ठ होते ते माझे गुरुबंधू. एकाच गुरुजींच्या पायाशी आम्ही पदक्रम घोकला होता. ते पाठ न थांबवता माझ्याकडे फक्त एकदा पाहत. त्या पाहण्याचा मला फार राग येई. पण राग धरायचा कुणावर, हेच ठरत नव्हते. देवावर धरणे माझ्या संस्कारात नव्हते. केसांवर धरावा, तर तेही आता फारसे उरले नव्हते.

माघात आमचे होणारे व्याही काटोलहून आले. हातात संत्र्यांची टोपली. खुर्चीवर बसले, पाणी प्याले, पावसापाण्याचे, बागेचे बोलले. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या कपाळाशी येई आणि पुन्हा टोपलीकडे वळे.

"गुरुजी, राग नका मानू. एक गोष्ट विचारू काय?"

"विचारा."

"तुमच्या भिवया काहून गेल्या?"

"केस गेले, तेव्हा भिवयांनीच मागे राहून काय करावे?" मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "आमच्या मायनं साखरपुड्यात पाह्यलं तुमाले. तवापासून एकच लावून धरलं हाये तिनं. भिवया झडल्या, तोंड सुजलं, कातडी जाड झाली. तिच्या माहेरी म्हणे असा एक माणूस होता. त्याले मंग गावाबाहेर ठेवलं."

रोगाचे नाव त्यांनी घेतले नाही. महारोग हा शब्द त्या काळी कुणी दुसऱ्याच्या घरात बसून उच्चारीत नसे. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. पत्नी तिथेच उभी होती आणि मुलगी तिच्या मागे, हे मला न पाहताही कळले.

मी म्हणालो, "उद्या सीताबर्डीवर एका मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. आपण माझ्याबरोबर चला. ते जे सांगतील ते दोघांनी एकाच वेळी ऐकू."

डॉक्टर तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि टाचणी घेतली.

"टोचलं की सांगा, गुरुजी."

हाताच्या पाठीवर, कानाच्या पाळीवर, पावलावर ते टोचत गेले आणि मी प्रत्येक वेळी "टोचले" म्हणत गेलो. टाचणी अशी गोड मला त्याआधी कधी लागली नव्हती. बाजूला बसलेले व्याही शेवटी म्हणाले, "बस करा ना डॉक्टरसाहेब, आता मलेच टोचल्यावानी होऊन राहिलं."

मग डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून, पावले मागे सोडून बसवले आणि टाचेच्या वर लहानशी हातोडी मारली. पाऊल उडाले, परत जागेवर यायला मात्र त्याने वेळ घेतला. डॉक्टर एक एक विचारू लागले. उन्हाळ्यात थंडी वाजते का? शौचास कष्ट होतात? आवाज बसला? झोप सरत नाही? विसरायला होते? मी प्रत्येकाला हो म्हणालो. मला पाहिल्याबरोबर यांना हे सारे ठाऊक होते, आणि वर्षभर मी माके आणि कांदे चोळीत होतो.

"हा महारोग नव्हे," ते व्याह्यांकडे वळून म्हणाले. "गळ्यात थायरॉईड नावाची एक ग्रंथी असते. यांची थकली आहे. केस, भिवया, सूज, सगळं तिच्यामुळे. कुणाला लागत नाही. गोळी रोज घ्यावी लागेल, जन्मभर."

"केस परत येतील?" मी विचारले.

"बहुधा येतील. आधी आणखी थोडे जातील."

"आणखी कुठले?"

डॉक्टर हसले. मी थट्टेने विचारले नव्हते.

एवढ्यावर थांबलो असतो तर पुढचा सारा खटाटोप टळला असता. पण तोंडात घालायची वस्तू कशाची आहे हे विचारल्याशिवाय मी कधी काही तोंडात घातलेले नाही. मी विचारले, आणि त्या सज्जन माणसाने खरे ते सांगितले. जनावरांच्या याच ग्रंथी काढून, वाळवून, कुटून ती गोळी होते. मेंढीची असेल, डुकराची असेल. गायीचीही असू शकेल. कृत्रिम गोळी निघाली आहे, पण सध्या बाजारात येत नाही. आली की कळवीन, असेही म्हणाले.

सीताबर्डीहून महालापर्यंत आम्ही चालत आलो. व्याही म्हणाले, "औषधच हाये ना गा गुरुजी. डोळे मिटून घ्याचं." घरी आल्यावर डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची बाटली मी आत नेलीच नाही. ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवली. तिथे ती तशीच राहिली. येता-जाता मी तिच्याकडे पाही. पत्नी ओटा झाडताना बाटली उचले, पुसे, पुन्हा ठेवी.

"अहो, तिची पूजाच करायची असेल तर आत घ्या," एकदा ती म्हणाली.

"त्यात गाय असू शकते."

"आणि माझ्या मुलीचं लग्न मोडू शकतं."

वैतागाचे खरे कारण हेच होते, की तिचे म्हणणे बरोबर होते आणि माझेही चूक नव्हते. इतकी वर्षे शास्त्र वाचून, दोन बरोबर गोष्टींमध्ये उभे कसे राहावे, हे मला येत नव्हते. तिकडे चेहऱ्याची सूज वाढत होती. वर्गात फळ्यावर शब्द लिहिता लिहिता मी थांबे. पुढचे अक्षर येत नसे.

फाल्गुनात लग्नाचे कापड घ्यायला आम्ही गांधीबागेत गेलो. व्याही काटोलहून परस्पर आले. दुकानात पांढऱ्या गादीवर शालू उलगडले जात होते. पत्नी आणि मुलगी रंग बघत होत्या. व्याह्यांनी मला दुकानाच्या पायरीशी नेले.

"गुरुजी, मले डॉक्टरचं पटलं. माया डोयानं पाह्यलं मी. पण माय म्हणते, साधा रोग असता तं माणसानं औषध घेतलं असतं. घेऊन नाही राहिला, म्हणजे कायतरी लपवून राहिला."

त्यांनी मागे वळून दुकानात एकदा पाहिले.

"म्हणून म्हणतो, तुमचे भाऊ हायेत ना. त्यायनं कन्यादान केलं तं? लग्न होते, मायचं मन राहते. तुमी बाजूले बसा आरामात."

त्या पायरीवर मी आयुष्यात प्रथमच कुणावर तरी ओरडण्याच्या बेतात होतो. बाजूने हातगाड्या जात होत्या, हमाल "बाजू, बाजू" करीत होते. मी उपरणे घट्ट आवळले. आवाज बसलेला असल्याने जे बाहेर आले ते अगदी हळू आले.

"कन्यादान मी करीन. आपल्या मातोश्रींना सांगा, मांडवात समोर बसून मला नीट पाहावे."

"मायले हे कसं सांगू गा?"

"मला सांगितलेत तसेच."

त्या संध्याकाळी मी गुरुबंधूंकडे गेलो. लग्न तेच लावणार होते. मी सारे सांगितले. गोळीचे, गायीचे, भावाचे. ते सुपारी कातरत होते. शेवटपर्यंत कातरत राहिले.

"तू माझ्याकडे विचारायला आलास की माझ्या तोंडून नाही म्हणवून घ्यायला?"

"विचारायला."

"मग ऐक. चवीसाठी खातोस का? नाही. ताकदीसाठी, मौजेसाठी? नाही. देह पडला तर संध्या कोण करणार? औषधाला अन्नाचे नियम लावू नकोस. प्रायश्चित्त हवंच असेल तर ते मी सांगतो, पण गोळी उद्यापासून घे."

"आणि शिखा? तिच्यावाचून कन्यादानाला कसा बसू?"

"दर्भाची कर. ब्रह्मगाठ मारून उजव्या कानावर ठेव. टकल्यांची सोय शास्त्राने केव्हाच करून ठेवली आहे. टक्कल काय तुझ्यापासून सुरू झालं?"

"मांडवात? सगळ्यांसमोर कानावर गवत?"

"कानावर जानवं घालतोस तेव्हा लाजतोस का?"

"तेव्हा कोण बघतं?"

गुरुबंधू इतके हसले की अडकित्ता त्यांच्या हातून सुटला.

दुसऱ्या दिवसापासून माझा नवा आचार सुरू झाला. सकाळी उठून अंगणातल्या नळापाशी उभ्याने गोळी घ्यायची, चूळ भरायची, स्नान करायचे आणि मग सोवळ्याने आत यायचे. पण डॉक्टरांनी रिकाम्या पोटी सांगितलेली गोळी कधी स्नानानंतर आठवे. मग पुन्हा स्नान. पत्नी घंगाळात पाणी ओतता ओतता म्हणे, "साऱ्या नागपुरात थंडी वाजणारे तुम्ही एक, आणि दोन दोन आंघोळी करणारेही तुम्हीच." डॉक्टरांचा शब्द खरा करीत उरलेले केसही गेले. चैत्र लागता लागता मुखावरची सूज उतरली, जीभ हलकी झाली, वर्गात शब्द पूर्ण होऊ लागले. भिवया मात्र आल्या नाहीत. मी रोज आरशात पाही. आरशात पाहण्याची मला सवय नव्हती. त्या दोन महिन्यांत ती लागली आणि तिचाही राग आला.

लग्नाच्या आदल्या दिवशी मेहुणी काजळाची डबी घेऊन आली. "भाऊजी, दोन रेघा ओढते. लांबून कुणाला कळायचं नाही."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. ती नाही म्हणाली नाही, हे मी ओळखले.

"अग्नीपुढे रंगवलेल्या भिवया घेऊन बसू?" मी म्हणालो.

"अग्नीला काय कळतं?" मेहुणी म्हणाली.

कोपऱ्यात हातांवरची हळद सुकवीत बसलेली मुलगी इतका वेळ काही बोलली नव्हती. या साऱ्या प्रकरणात तिने तोंड उघडले ते एवढ्याचसाठी. "बाबा, तुम्ही असेच बसा. काका नकोत. त्यांचे हात फार घामेजतात. पाणी कुठलं आणि घाम कुठला ते कळायचं नाही."

काका, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तिथेच होता. त्याने दोन्ही हात धोतराला पुसले. सगळे हसले. डबी पुन्हा पिशवीत गेली.

ज्येष्ठातले ऊन कार्यालयाच्या पत्र्यावर तापत होते. वरपक्ष घामाने निथळत होता. मी उपरणे अंगभर घेऊन बसलो होतो. उजव्या कानावर दर्भाची शिखा. आदल्या संध्याकाळी मी स्वतः ती वळली होती, तीनदा सोडून पुन्हा वळली होती. समोर पहिल्याच ओळीत व्याह्यांच्या मातोश्री, नऊवारी, हातात ताडाचा पंखा. त्यांच्या मुलाने माझा निरोप शब्दशः पोहोचवलेला दिसत होता. त्या पंखा हलवीत नव्हत्या. नुसत्या पाहत होत्या.

कन्यादानाचा क्षण आला. मुलीचा हात माझ्या हातात होता, खाली जावयाचा हात. पत्नी झारीने पाण्याची धार धरून होती. माझा आवाज चांगला लागला होता. कित्येक महिन्यांनी प्रथमच मला माझा आवाज ऐकू येत होता. मी गोत्र उच्चारले आणि प्रथेप्रमाणे किंचित पुढे वाकलो. कानावरून काहीतरी घसरले आणि जावयाच्या पाटापाशी पडले.

मी थांबलो. दोन्ही हात गुंतलेले. पाण्याची धार चालू. शिखेवाचून पुढचा उच्चार कसा करावा? गुरुबंधू पलीकडच्या बाजूला होते, पडलेले त्यांना दिसले नव्हते. ते "पुढे, पुढे" म्हणत होते. मला रडू येईल असे वाटले. वर्षभर माके, कांदे, टाचण्या, गोळ्या, दोन दोन आंघोळी, आणि अखेर एका गवताच्या काडीने मला इथे अडवावे!

"थांबा ना गा!" मांडवातून खणखणीत आवाज आला. "गुरुजीची शेंडी पडली!"

सगळा मांडव फुटून हसला. वाजंत्रीवाल्यांनी चुकून सनई सुरू केली आणि बंद केली. मातोश्री उठल्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवत त्या आल्या, वाकून दर्भ उचलला, फुंकून पाहिला आणि माझा कान पकडून तो पाळीमागे चांगला घट्ट खोवला. कान दुखला. "हं. म्हणा आता," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो. शेवटपर्यंत म्हणालो. हाताखाली मुलीचा हात हसण्याने हलत होता.

आमच्याकडे पंगतीपूर्वी वधूपित्याने वरपक्षातल्या ज्येष्ठांच्या हातावर पाणी घालायचे असते. मातोश्रींपाशी आलो, तेव्हा त्यांनी उजवा हात पुढे केला आणि धुवायला लागल्या. बोटे चोळली, बोटांची पेरे चोळली, पुन्हा पाणी मागितले, पुन्हा चोळले. मी तांब्या धरून उभा होतो. त्याच हाताने माझा कान धरला होता. सोवळ्याची माणसे जेवणापूर्वी असेच हात धुतात, हे मला ठाऊक आहे. माझी आईही धूत असे. तरी त्या हाताकडे पाहताना मला जो संताप आला, तो मी इतक्या वर्षांनंतरही सौम्य शब्दांत सांगू शकत नाही. आणि पाण्याची धार तुटली नाही, हे पुण्य माझे नाही, सवयीचे आहे.

हात झटकून त्यांनी वर पाहिले. माझ्या भिवयांच्या जागी त्यांची नजर बराच वेळ थांबली.

"व्याहीबुवा, गोळी घेऊन राहिले ना?"

"घेतो."

"गोळीनं काय होते! संत्र्याची साल वाळवाची, पूड कराची, दह्यात कालवून लावाची. आमच्या घरी साल काय कमी हाये? धाडून देतो."

मी हो म्हणालो आणि पुढच्या पाहुण्याच्या हातावर पाणी घालू लागलो.

पंधरवड्यात काटोलच्या बसने पिशवी आली. ओट्यावर उन्हात ठेवली तर गल्लीभर संत्र्याचा वास सुटला. पत्नी म्हणाली, "लावून तरी पाहा, एवढं धाडलंय." मी लावली नाही. टाकूनही देता आली नाही. कोनाड्यात गोळ्यांच्या बाटलीशेजारी ती पुढल्या पावसाळ्यापर्यंत राहिली, बुरशी धरेपर्यंत. भिवया त्याच सुमारास आल्या. शिखा त्यानंतर आली, विरळ आणि पांढरी. तिची गाठ बसते, पण अजूनही हात पुढे घेताना मी एकदा तळहात पाहतो.